घरच्या बारमधील एलईडी पट्ट्या: एकच एसएमपीएस घ्यावा की वेगवेगळे अडॉप्टर?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या सदनिकेत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सुतार छोटासा बार तयार करत आहेत. काचेच्या तीन फळ्या प्रत्येकी 1.2 मीटरच्या आहेत, त्यामागील आरशाभोवती 2.4 मीटर आणि काळ्या ग्रॅनाइटच्या काउंटरखाली 3 मीटर, अशी एकूण 9 मीटर पट्टी लागेल. दुकानदाराने 12 व्होल्टची, मीटरला 9.6 वॉट घेणारी पट्टी सुचवली आहे. तिच्यासाठी एकच मोठा एसएमपीएस (घरातील 230 व्होल्टचे 12 किंवा 24 व्होल्ट डीसी करून देणारा पुरवठा) घ्यावा की छोटे वेगवेगळे अडॉप्टर, हे ठरत नाही. फळ्या आणि काउंटर स्वतंत्रपणे मंद करता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. पट्टी धरून खर्च 4,000 रुपयांच्या आत बसवायचा आहे आणि शनिवारी मागचे प्लाय कायमचे बंद होणार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

खटपट्या
पट्टी अजून घेतली नसेल तर 24 व्होल्टचीच घ्या. तुमचा भार 86.4 वॉट होतो, त्यात पंचवीस टक्के सवड धरली की 108 वॉट, आणि मीन वेल कंपनीचा एलआरएस-100-24 हा एसएमपीएस नेमका तेवढ्याचाच येतो. 12 व्होल्टवर 7.2 अँपियर वाहतील, 24 व्होल्टवर त्याच्या निम्मे. माझ्याकडे तो चार वर्षे चालू आहे आणि हात लावला तर जेमतेम कोमट लागतो.

जुनी_फिलामेंट
कोणताही घ्या, पण प्लायच्या मागे बंद करू नका. आमच्या सुताराने एसएमपीएस आत ठेवून वरून सनमायका चिकटवला. आठव्या महिन्यात दिवे लुकलुकू लागले आणि शेवटी फळीला चौकोनी भोक पाडून तो बाहेर काढावा लागला. ते भोक झाकण्यासाठी आज तेथे गणपतीची तसबीर लावलेली आहे, आणि बारच्या वर गणपती कसा, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो.

पिक्सेलवाला
एकरंगी पट्टीच्या भानगडीत कशाला पडता? मी प्रत्येक दिवा स्वतंत्र रंग बदलेल अशी 5 व्होल्टची पट्टी लावली आहे, ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर आणि त्यावर चालणारे डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर वापरून. बाटली उचलली की तिच्याखालचा दिवा निळा होतो. खर्च अकरा हजार झाला, परंतु वाढदिवसाला आलेले लोक जेवण विसरून तेच पाहत बसले होते.

खटपट्या
पिक्सेलवाला, धागाकर्त्याने 4,000 रुपये लिहिले आहेत. शिवाय त्या पट्टीतला प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा असताना 60 मिलिअँपियरपर्यंत घेतो. मीटरला 60 दिवे धरले तर 9 मीटरला 32 अँपियर होतात. एवढा प्रवाह 5 व्होल्टवर बारीक तारांतून न्यायचा म्हणजे व्होल्ट गळून पट्टीच्या टोकाचा प्रकाश लालसर पडणारच.

पिक्सेलवाला
सॉफ्टवेअरमध्ये प्रवाहाची मर्यादा घालता येते आणि दर दोन-अडीच मीटरवर वेगळी तार दिली की टोक लाल पडत नाही. माझे पडलेले नाही.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत क्लास 2 (कमी धोक्याचा मानलेला) प्रकारचा पुरवठा 100 वॉटपर्यंतच मर्यादित असतो, त्यामुळे 24 व्होल्ट, 96 वॉटचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचे पुरवठे, सर्रास मिळतात. एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्यावेत, असे माझे मत आहे.

संगणक_भंगार
फुकटात काम करायचे असेल तर जुन्या संगणकाचा पुरवठा वापरावा. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो आणि पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट मिळतात. पंख्याचा थोडा आवाज येतो, पण गाणी लावली की कळत नाही.

दिवेलागण
ग्रॅनाइटबद्दल कोणीच बोलले नाही. पॉलिश केलेल्या काळ्या दगडावर पट्टीतला एकेक दिवा ठिपक्यासारखा दिसतो. आमच्या काउंटरवर ग्लास ठेवला की त्याच्याभोवती मुंग्यांची रांग लागल्याचा भास होत असे. दुधी झाकणाची अॅल्युमिनियमची पट्टी बसवल्यावर तो गेला. आरशासमोर हाच त्रास दुप्पट होईल.

तापकीर_गल्ली
वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊनच खरेदी करावी. मी ऑनलाइन मागवलेल्या अडॉप्टरवर 10 अँपियर छापलेले होते आणि वजन मोबाइलच्या चार्जरएवढे होते. सहा अँपियरलाच त्याने मान टाकली. परत घेण्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

सांजवात
24 व्होल्ट घ्यावे. वर कोणी सांगितले असल्यास क्षमस्व.

तार_आणि_वार
मी गेली वीस वर्षे वायरिंगचीच कामे करतो. 12 आणि 24 या वादापेक्षा तारा कशा ओढता, हे महत्त्वाचे आहे. एका फळीच्या टोकातून दुसऱ्या फळीला पुरवठा देऊ नका. प्रत्येक फळीला मूळ जोडणीपासून स्वतंत्र तार द्या. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 4 अँपियर चार मीटर अंतरावर नेऊन परत आणताना अर्धा व्होल्टहून थोडे अधिक गळतात, आणि 12 व्होल्टच्या पट्टीला ते डोळ्यांना दिसते. मंद करण्याचा डिमर पुरवठा आणि पट्टी यांच्या मध्ये, डीसी बाजूला बसवा. पंख्याचा रेग्युलेटर 230 व्होल्टच्या बाजूला लावून एसएमपीएस जाळणारे गिऱ्हाईक मला वर्षाला एक तरी भेटते.

खटपट्या
तारांबद्दल सहमत. तरीही 24.

गोदाकाठी
सर्वांचे मनापासून आभार. गोंधळ असा झाला की धागा काढला त्याच संध्याकाळी सुतारांनी परस्पर 12 व्होल्टची दोन रिळे आणून ठेवली आणि दुकानदार परत घ्यायला तयार नाही. त्यामुळे 12 व्होल्ट, 5 अँपियरचे दोन अडॉप्टर घेतले: एक फळ्यांना, एक काउंटरला, दोहोंना वेगवेगळे डिमर. दोन्ही अडॉप्टर कपाटाच्या बाहेर, बाजूच्या सॉकेटवर लटकतात. दिसायला बरे नाहीत, पण बिघडले तर सुतारांना बोलवावे लागणार नाही. आरशाची पट्टी रद्द केली. दिवेलागण यांचा ठिपक्यांचा मुद्दा वाचून रात्री पट्टी हाताने आरशासमोर धरून पाहिली आणि पटला. दुधी झाकण फक्त काउंटरला लावले. एकूण 3,700 रुपये झाले.

तार_आणि_वार
फळ्यांचे 34.6 वॉट म्हणजे 2.9 अँपियर, अडॉप्टरच्या गोल पिनेला एवढे सोसेल. तासाभराने पिनेला हात लावून पाहा. चटका बसला तर पिन कापून तारा सरळ स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घ्या.

खटपट्या
दोन अडॉप्टर लटकत ठेवणार?

गोदाकाठी
हो. पाहिले, पिन कोमट आहे. उरलेला दोन मीटरचा तुकडा सौभाग्यवतींनी देवघरासाठी ताब्यात घेतला आहे आणि त्यासाठी आता तिसरा अडॉप्टर लागणार आहे.