जप्त दुचाकी आणि मोबाईल सुपुर्दनाम्यावर (बोलावल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) सोडवायचे आहेत, अर्ज नेमका कुठे आणि कसा?

अर्जदार_पुणेरी
चोरीला गेलेली दुचाकी मिळाली आहे. फिर्याद एका ठाण्यात, गाडी पकडली दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, आणि नंबरप्लेट बदललेली. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत. वारस आई आणि आम्ही दोघे भाऊ. विम्याचा क्लेम घेतलेला नाही. त्याच आरोपीकडे आमचा चोरीला गेलेला मोबाईलही सापडलाय. ठाण्यात सांगतात, "कोर्टाची ऑर्डर आणा, लगेच देतो." अर्ज कुठल्या कोर्टात, कुठल्या कलमाखाली, सोबत काय जोडायचं? आणि असे अर्ज कशामुळे रखडतात?

फौजदारी_बाजू
आधी गुन्ह्याची नोंदणी तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्याआधीपासून तपास चालू असलेल्या प्रकरणात कलम ५३१ मुळे जुनी सीआरपीसीच (फौजदारी प्रक्रिया संहिता) चालते, म्हणजे अर्ज ४५१ आणि ४५७ खाली. नंतरचा गुन्हा असेल तर नव्या संहितेची ४९७ आणि ५०३. मुद्देमाल कोर्टापुढे हजर झाला असेल तर ४९७. पोलिसांनी जप्तीचा फक्त अहवाल पाठवला आणि वस्तू ठाण्यातच असेल तर ५०३. अर्जाच्या मथळ्यात दोन्ही कलमं टाकायची रीत आहे, त्यात चूक नाही.

कोर्ट कोणतं, हे गाडी आज कुठल्या गुरनंमध्ये (गुन्हा रजिस्टर नंबर) जमा आहे त्यावर ठरतं. दुसऱ्या ठाण्याने गाडी पकडली की बहुतेक वेळा आरोपी आणि मुद्देमाल मूळ फिर्यादीच्या ठाण्याकडे वर्ग होतो, पण त्याला वेळ लागतो. मधल्या काळात मूळ ठाण्याच्या कोर्टात अर्ज टाकला की पोलिसांचा से (लेखी म्हणणं) येतो, "सदर वाहन आमच्या ताब्यात नाही," आणि पुढची तारीख पडते. तेव्हा आधी मुद्देमाल कारकुनाकडून गुरनं, मुद्देमाल नोंद क्रमांक आणि वर्ग झाल्याची तारीख घ्या. संशयित मालमत्ता म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२४ खाली वेगळी नोंद झालेली असू शकते. मग क्रमांकही वेगळा आणि कोर्टही वेगळं.

कागद: फिर्यादीची प्रत, जप्ती पंचनाम्याची प्रत, आरसी, विमा पॉलिसी, अर्जदाराचं ओळखपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं "अर्जदाराला वाहन देण्यास हरकत नाही" असं शपथपत्र. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेची एनओसी, नाहीतर किमान कर्जखात्याचा उतारा. अर्ज तिघांपैकी एकानेच करावा. तिघांनी तीन अर्ज केले की मालकीचा वाद आहे असं चित्र उभं राहतं, आणि वाद दिसला की दंडाधिकारी हात आखडता घेतात.

मुद्देमाल_खोली
वकीलसाहेबांनी कोर्टाची बाजू सांगितली, मी ठाण्याकडची सांगतो. तुमच्या प्रकरणात खरी गाठ नंबरप्लेटची आहे. पंचनामा करणारा अंमलदार समोर दिसतो तो नंबर लिहितो. म्हणजे पंचनाम्यात खोटा नंबर आणि तुमच्या अर्जात आरसीवरचा नंबर. दोन्हींचा मेळ बसवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे चॅसी आणि इंजिन नंबर. अर्जात आरसीचा नंबर लिहून थांबू नका. "चॅसी क्रमांक अमुक, इंजिन क्रमांक तमुक असलेले व जप्ती पंचनाम्यात अमुक क्रमांकाने नमूद असलेले वाहन" असं लिहा.

पंचनाम्यात चॅसी नंबर नसेल तर तपासी अंमलदाराला भेटून पुरवणी पंचनामा करायला सांगा. चॅसी नंबर घासलेला असेल तर आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी किंवा न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून रसायन लावून नंबर उठवणं, यापैकी एक करावंच लागतं. तो अहवाल येईपर्यंत से "तपास अपूर्ण, हरकत आहे" असाच जातो. दुसरा एखादा मालक दावा सांगत आला तर काय, अशी भीती तपासी अंमलदाराला असते, आणि ती अगदीच बिनबुडाची नसते.

आणखी एक, जे ठाण्यात सहसा कुणी सांगत नाही. नव्या संहितेच्या कलम १०६(३) प्रमाणे तपासासाठी वस्तू ठेवण्याची गरज नसेल तर बंधपत्र (हमीचा बाँड) घेऊन ती ताब्यात द्यायचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यालाच आहे. जुन्या १०२(३) मध्येही तो होता. पण उद्या कोर्टाने विचारलं तर आपल्या अंगावर नको, म्हणून कोर्टाच्या आदेशावर बोट ठेवलं जातं. लेखी विनंती करून बघा, मात्र त्यावर विसंबून अर्ज लांबवू नका.

अर्जदार_पुणेरी
धन्यवाद, पंचनाम्यात चॅसी नंबर आहे. मग मोबाईलचं काय? तो प्रयोगशाळेत पाठवायचाय म्हणतात.

डिजिटल_पुरावा
आरोपीने तुमचा फोन नुसता चोरला की त्यावरून काही केलंही, यावर सगळं आहे. नुसती चोरी असेल तर आत काय आहे याच्याशी तपासाला देणंघेणं नाही. ओळख पटवायला आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) पुरतो. खरेदीचं बिल किंवा खोका शोधा, त्यावर आयएमईआय छापलेला असतो. ड्युअल सिम फोनला दोन असतात, अर्जात दोन्ही लिहा. एक लिहिला आणि पंचनाम्यात नेमका दुसरा असला की पुन्हा पंचाईत.

चोरीनंतर त्या फोनवरून पैसे काढले गेले, धमकी दिली गेली असं काही असेल तर तो पुरावा ठरतो आणि प्रयोगशाळेत जाणारच. तेव्हा "डेटाची फॉरेन्सिक प्रत हॅश व्हॅल्यूसह घेऊन मूळ फोन सुपुर्दनाम्यावर द्यावा" अशी पर्यायी विनंती अर्जातच घाला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात हॅश (डेटा बदललेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) द्यावाच लागतो, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही. पासकोड लेखी देऊन ठेवा. लॉक उघडत नाही म्हणून परत आलेले फोन थोडे नसतात.

सीईआयआर या (चोरीचे फोन ब्लॉक करायच्या सरकारी) पोर्टलवर फोन ब्लॉक केला असेल तर ताबा मिळाल्यावर अनब्लॉकची विनंती तिथेच टाकावी लागते. ती राहिली की फोन हातात, पण नेटवर्क नाही. मग लोक सिम बदलत बसतात.

फौजदारी_बाजू
अर्ज दिला की कोर्ट तपासी अंमलदार आणि सरकारी वकिलांचा से मागवतं. तो पुढच्या तारखेला यावा म्हणून नोटिशीची प्रत स्वतः ठाण्यात पोहोचवून पोच घ्या. "मालकीबाबत वाद नाही, तपासासाठी आवश्यकता नाही" ही दोन वाक्यं सेमध्ये असली की बरंचसं काम झालं.

हरकत आलीच तर सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करा. वाहनं ठाण्यात गंजत ठेवण्यात अर्थ नाही. पंचनामा, फोटो आणि योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावीत, असं त्यात स्पष्ट आहे. नव्या ४९७ मध्ये तर वेळापत्रकच आहे: मुद्देमाल हजर झाल्यापासून १४ दिवसांत वर्णनाचं विवरण, फोटो, गरज पडल्यास व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश. ते विवरण आणि फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतात. म्हणून "गाडी दिली तर पुरावा जाईल" हा आक्षेप आता फारसा टिकत नाही. अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात ९० दिवसांत पुनरीक्षण (आदेश वरच्या कोर्टाकडून तपासून घेण्याचा अर्ज). आदेश अंतरिम आहे म्हणून पुनरीक्षण चालत नाही असा मुद्दा समोरून निघू शकतो, त्याची तयारी ठेवा.

महसूल_टेबल
वरचं सगळं चोरीच्या गाडीला लागू. हा धागा वाचून कुणी वाळूच्या ट्रॅक्टरसाठी जेएमएफसीकडे (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) धावू नये म्हणून लिहितो. महसुलाने पकडलेलं गौण खनिजाचं वाहन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(८) खाली जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे जातं. दंड भरून आणि बंधपत्र देऊन तिथूनच सुटतं. आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांनी मोटार वाहन कायद्याच्या २०७ खाली अडकवलेली गाडी कागद दाखवून त्याच खात्याकडून सोडवायची.

अपघाताची गाडी असेल आणि थर्ड पार्टी विमा नसेल तर पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सुटत नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातलं वाहन खटला संपेपर्यंत सुटूच शकत नाही असा समज होता. जानेवारी २०२५ मध्ये विश्वजित डे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. मालकाचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर अंतरिम ताबा देता येतो.

मुद्देमाल_खोली
आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत, बंधपत्र आणि मूळ ओळखपत्र घेऊन या. आदेशात हमीदार मागितला असेल तर त्यालाही आणा, त्याच्याशिवाय सुपुर्दनामा पुरा होत नाही. ताबा घेण्याआधी गाडीभोवती फिरून बॅटरी, आरसे, टायर, टूलकिट बघा आणि काही नसेल तर ते सुपुर्दनाम्यावरच लिहून घ्या. सही झाल्यावर तक्रार केली तर कुणी ऐकत नाही. खोटी प्लेट काढून पंचांसमक्ष ठाण्यातच जमा करायची, ती स्वतंत्र मुद्देमाल आहे. घरी नेऊन भंगारात टाकू नका.

आदेशात बहुधा तीन अटी असतात: विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची. आरसी वारसाच्या नावावर करण्याचा नमुना ३१ चा अर्ज हा हस्तांतरणच आहे, त्यामुळे त्याची परवानगी याच अर्जात मागून घ्या. नाहीतर त्यासाठी पुन्हा कोर्टात यावं लागेल. आरटीओत चोरीची नोंद झाली असेल तर ती काढायला ठाण्याचं पत्र लागतं, तेही त्याच दिवशी मागा.

अर्जदार_पुणेरी
नमुना ३१ चं डोक्यातच आलं नव्हतं. अर्जात घालतो. एक शंका: खटला संपल्यावर बंधपत्र आपोआप रद्द होतं का?

फौजदारी_बाजू
नाही. निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो, नव्या संहितेत कलम ४९८. त्यात "वाहन अर्जदाराकडेच कायम, बंधपत्र रद्द" असं आहे का ते बघा. बहुतेक वेळा "अपील मुदतीनंतर" हे शब्दही असतात. काहीच उल्लेख नसेल तर त्याच कोर्टात छोटा अर्ज द्या. तोपर्यंत गाडी विकलीत आणि कोर्टाने हजर करायला सांगितली, तर कलम ४९१ खाली बंधपत्राची रक्कम जप्त होते, आणि नोटीस हमीदाराच्या दारातही जाते.