मदत हवी आहे: बीपीचं औषध कानाला चोळून देता येतं का?

मिनीची_आई:
गोळी पोटात जातच नाहीये. जबडा उघडून टाकली की तोंडाला नुसता फेस. चिकनमध्ये दडवली तर चिकन फस्त आणि ओली गोळी वाडग्यात तशीच. कानाला चोळायचं जेल मिळतं म्हणे. पुण्यात कुठे? प्लीज लवकर सांगा.

कोथरूडकर:
कुत्री की मांजर? औषध कोणतं? वजन, बीपी?

मिनीची_आई:
मांजर हो! अम्लोडिपिन. अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, रोज एकदा.

जर्सीकर:
इथे अमेरिकेत व्हेटच्या चिठ्ठीवर कंपाउंडिंग फार्मसी असं जेल बनवून देते. मोजून घ्यायचं, हातमोजे घालून कानाच्या आतल्या बिनकेसांच्या भागावर चोळायचं, रोज कान बदलायचा. आमच्या मनीला थायरॉइडचं मेथिमाझोल असंच देतो. उत्तम लागू पडलंय.

कोथरूडकर:
मेथिमाझोलचा अनुभव अम्लोडिपिनला लावू नका. ते कातडीतून रक्तात किती उतरेल याचा भरवसा नाही. मांजरांवरच्या एका छोट्या चाचणीत जेलने बीपी उतरलं, पण तोंडावाटे दिल्यावर उतरतं तेवढं नाही. बीपी चढंच राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होतं. घरी गोळी कुटून क्रीममध्ये कालवणं तर नकोच.

जर्सीकर:
गोळी थुंकतेच आहे, मग काहीच न देण्यापेक्षा जेल बरं. बीपी मोजत राहायचं.

कोथरूडकर:
दुसरं काहीच जमलं नाही तर. आधी तो तुकडा रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून बघा, वरून तुपाचा हात. मागोमाग सिरिंजने थोडं पाणी पाजा, नाहीतर घशात अडकते.

आजीचा_बटवा:
एवढी रसायनं कशाला? लसणाचा रस द्या, माझं बीपी त्यानेच आटोक्यात आहे.

मांजरवेडी:
ताई, कृपा करून हे सांगू नका! लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, जीव जाऊ शकतो. @मिनीची_आई, टेल्मिसार्टन पातळ स्वरूपात येतं, परदेशात ते मांजरांच्या बीपीसाठी मंजूर आहे. डॉक्टरांना विचारा. बीपी कशामुळे वाढलंय? किडनी, थायरॉइड तपासलं का?

मिनीची_आई:
किडनीचं आहेच, म्हातारी आहे ना. वजन साडेतीन किलो. बीपी १९०.

कोथरूडकर:
अहो, किडनीचं आधी सांगायचं! मग टेल्मिसार्टन डॉक्टरांनी रक्त तपासूनच ठरवायचं. आणि १९० एकदाच मोजलं का? भेदरलेल्या मांजराचं बीपी चढं दिसतं. शांत खोलीत जरा बसू द्यायचं, पहिला आकडा सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी काढायची.

सातारी_बोका:
आमच्या लॅब्राडॉरच्या कानाला वास येतोय. हे जेल चालेल का?

मांजरवेडी:
नाही हो, ते कानाचं औषधच नाही. वेगळा धागा काढा.

मिनीची_आई:
एकदाच मोजलं होतं, आणि ती थरथरत होती. आज संध्याकाळी परत मोजून घेते. कॅप्सूल कुठल्या नंबरची आणू?