नांगर-चिखलणीशिवाय भात: प्रत्यक्ष बांधावर शिकायचं कुठे?

खाचर_आणि_लोकल

नमस्कार मंडळी. राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्यात, आणि मुरबाडकडे वडिलोपार्जित दीड एकर भाताची खाचरं. इतकी वर्षं चुलतभाऊ लावायचा, आता तो म्हणतो लावणीला माणसंच मिळत नाहीत, तूच बघ काय ते. मला जमीन सुधारेल अशी शेती करायचीय, नांगरट बंद, मुळं जमिनीत, वगैरे वगैरे. व्हिडिओ बघून बघून डोकं भरलंय पण हात रिकामेच.

गेल्या वर्षी एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला साडेतीन हजार भरून गेलो होतो (नाव घेत नाही). हॉलमध्ये प्रोजेक्टरवर गांडुळांचे फोटो, जेवण खरंच झकास, शेवटी सर्टिफिकेट, शेतात नेलं ते फक्त ग्रुप फोटो काढायला. घरी आलो आणि भावाने विचारलं वाफा किती रुंद धरायचा, तर माझी बोलती बंद.

तर असं कुठे शिकता येईल का जिथे खरंच काम करायला लावतील? सुट्ट्या मोजून बारा आहेत वर्षाला.

नेरळ_लाईन

दादा, बारा सुट्ट्या पुरतात, फक्त त्या सलग घेऊ नका. लोक नेमकी इथेच चूक करतात, मे महिन्यात पाच दिवसांचं शिबिर करतात आणि जूनमध्ये शेतात उभं राहिल्यावर काही आठवत नाही. चार वेळा जा: वाफे पाडताना, टोकणीला (भोकं पाडून दाणे पेरायला), तण वर आलं की, आणि कापणीला.

मी पाच वर्षं एसआरटी म्हणजे सगुणा राईस तंत्राने करतोय, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी बसवलेली पद्धत. पहिल्या वर्षी एकदाच नांगरून गादीवाफे पाडायचे, साधारण साडेचार फुटांवर एक, वर सपाट जागा मीटरभर. त्यानंतर नांगर नाही, चिखलणी (पाणी भरून माती कालवणं) नाही, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा नाही, लावणी नाही. लोखंडी साचा वाफ्यावर दाबला की खुंट्यांची भोकं पडतात, त्यात तीन-चार दाणे टाकायचे आणि झाकायचे. कापताना रोप उपटायचं नाही, वरून कापून मुळं तशीच ठेवायची. ती कुजतात, त्यांच्या नळ्यांतून हवा-पाणी खाली जातं, आणि गांडुळांना घर मिळतं. आपण दरवर्षी चिखलणी करून ही सगळी घरं मोडून टाकतो, पाणी साचवून ठेवतो, वर मिथेन निघतो तो वेगळाच.

हे वाचून सोपं वाटेल. साचा दाबायला गेलात ना तर पहिल्या अर्ध्या तासात कळतं की माती कोरडी असेल तर खुंटी आत जात नाही, ओली असेल तर माती खुंटीला चिकटून भोकासकट वर येते. कुठल्या ओलीला दाबायचं हे मला शेजारच्या काकांनी मूठभर माती हातात देऊन शिकवलं: मुठीत आवळ, लाडू झाला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. लाडू फुटत नसेल तर घरी जा, चहा पी, उद्या ये. हे कुठल्या प्रोजेक्टरवर दिसणार?

आणखी एक, पहिल्या वर्षी उत्पन्नाकडे बघूच नका. उंदरांनी माझी दोन वाफ्यांची टोकण खाल्ली आणि घरच्यांनी वर्षभर ऐकवलं.

रानमाया

नेरळ_लाईन दादा, सगळं बरोबर पण एक गोष्ट गाळलीत. या पद्धतीत कापणीनंतर धसकटांना फुटवे येऊ नयेत म्हणून आणि तणासाठी ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात की नाही? जमीन जिवंत ठेवायची म्हणून नांगर सोडायचा आणि हातात तणनाशकाचा पंप घ्यायचा, मला नाही पटत. शिवाय २०२२ मध्ये केंद्राने नियम केलाय की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं. शिकणाऱ्याला हे आधी सांगायला नको?

नेरळ_लाईन

रानमाया ताई, मान्य, सांगायला हवं होतं. पहिली दोन वर्षं मी पण मारलं. आता सात गुंठ्यांवर विळ्याने तण कापून वाफ्यावरच अंथरतो. मजुरी वाढते, खोटं कशाला बोलू. बाकीच्या शेतावर अजून पूर्ण सुटलेलं नाही.

कपाशी_तूर_यवतमाळ

मी विदर्भातली, भातातलं मला काही कळत नाही, पण शिकण्याबद्दल सांगते. आमच्या गावात पोकरा या सरकारी शेती प्रकल्पाची शेतीशाळा झाली होती, कृषी विभागाची. एकाच शेतकऱ्याच्या वावरात हंगामभर ठरलेल्या दिवशी जमायचं, झाडं तपासायची, मित्रकीड किती शत्रूकीड किती मोजायचं, आणि मग फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तिसऱ्या वेळी मला लेडीबर्डची अळी ओळखता आली, त्याआधी तिलाच कीड समजून मी मारत होते! तुमच्या तालुका कृषी कार्यालयात विचारा, यंदा भातावर शेतीशाळा आहे का.

आमच्या जिल्ह्यातले नैसर्गिक शेती करणारे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली, त्यांचं शेत बघायला लांबून लोक येतात. पण भाऊ, बघणं वेगळं आणि करणं वेगळं. जीवामृत, म्हणजे आंबवून करायचं पातळ खत, सगळ्यांना तोंडपाठ असतं, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. मी पहिल्यांदा केलं आणि लग्नाला गेले, आठ-दहा दिवसांनी झाकण उघडलं तर सासूबाईंनी ड्रम अंगणातून हलवायला लावला.

रानमाया

हाहा, आमचाही एक ड्रम असाच गेला.

खाचर_आणि_लोकल, घरबसल्या एक करा. बांधावरच्या गवताखालचं एक सुकं ढेकूळ आणि खाचरातलं एक, दोन काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. माझ्याकडे खाचरातलं पाचेक मिनिटांत विरघळून पाणी चहासारखं झालं, बांधावरचं दुसऱ्या दिवशीही तसंच बसलेलं. नांगर न लागलेली, मुळांनी धरलेली माती पाण्यात टिकते, ती अशी. भावाला हे दाखवा, चर्चा करत बसू नका.

खाचर_आणि_लोकल

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ढेकळाचा प्रयोग केला, भाऊ बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, ठीके, वरचं पाच गुंठ्याचं खाचर घे, बाकीचं मी नेहमीसारखं करतो. नेरळ_लाईन दादा, तुमच्या टोकणीला आलो तर चालेल का? मजुरी नको, दाबायला साचा द्या. अजून एक शंका, भातानंतर वाल टाकायचा विचार आहे पण दिवाळीनंतर आमच्याकडे गावभर गुरं मोकाट सोडतात, त्याचं काय करायचं?

नेरळ_लाईन

या की. मृगाच्या आधीचा शनिवार-रविवार धरा, पाऊस बघून आदल्या दिवशी मेसेज टाकतो. हातमोजे आणा, साच्याने फोड येतात.

गुरांवर माझ्याकडे पण उत्तर नाही. एकट्याचा वाल असला की गावातली सगळी गुरं तिथेच. आम्ही लागून लागून असलेल्या चार जणांनी एकदम टाकला, काट्यांचं कुंपण एकत्र केलं आणि राखणीची पाळी लावली, तेव्हा कुठे शेंगा घरी आल्या. आधी भावाला आणि बांधाला बांध असलेल्या दोघांना पटवा, बियाणं नंतर घ्या.