विटंबना झाली की विडंबन?

परवा रविवारी बोरिवलीला भाचीकडे आम्ही सात-आठ जणांनी 'व्हॅम्पायर्स सक' पाहिला. २०१० चा इंग्रजी सिनेमा, 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चांच्या प्रेमकथेच्या सिनेमालिकेची टर उडवणारा. नंतर भांडण जुंपलं ते सिनेमावर कमी, शब्दावर जास्त. म्हणून इथे आणतोय.

भाची कॉलेजात असल्यापासून मूळ मालिकेची भक्त. ती फणकारली, "ही विटंबना आहे!" जावईबापू म्हणाले, "अगं, विटंबना पुतळ्याची होते, सिनेमाचं विडंबन होतं." तेवढ्यात शेजारचे कानपूरचे काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "विडंबना तो यह है कि पैसे भी इसी ने कमाए." त्यांच्या हिंदीत विडंबना म्हणजे दैवाने केलेला उलटा खेळ. एका खोलीत तीन अर्थ!

मजा अशी की तिन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृत 'विडम्ब्'चा एक जुना अर्थ नुसता अनुकरण करणे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू पांढऱ्या कमळांचं छत्र आणि काशाच्या फुलांच्या चवऱ्या घेऊन रघुराजाचं 'विडंबन' करतो, म्हणजे त्याच्यासारखा सजतो. पण रघूची शोभा काही शरदाला साधत नाही. तिथे कुणी कुणाची चेष्टा करत नाही. चेष्टेचा अर्थही संस्कृतातच जोडला गेला. मराठीने पुढे वाटणी केली: 'ड'चा 'ट' झालेली विटंबना दैना, फजिती, अप्रतिष्ठा घेऊन बसली आणि विडंबन वाङ्मयाच्या वाट्याला आलं. १९२५ साली केशवकुमारांची, म्हणजे अत्र्यांची, 'झेंडूची फुले' ही विडंबन कवितांची वही आली आणि विडंबन म्हटलं की आपल्याला तेच आठवू लागलं.

माझं मत विचाराल तर या सिनेमात विडंबन आहे, पण पाव किलोला छटाकभर. नायिका झालेली जेन प्रॉस्के मूळच्या क्रिस्टन स्टुअर्टचं ओठ चावणं, अडखळणं, केसांतून हात फिरवणं असं उचलते की भाचीसुद्धा हसली. लांडगा होणारा पोरगा सारखा शर्ट काढतो आणि वर कारण देतो की करारातच तसं लिहिलंय. हे खरं विडंबन, कारण बोट मूळ सिनेमाच्या खोडीवर आहे. बाकी वेळ कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी आदळतं. त्याला विडंबन कसं म्हणायचं?

गिरगावकर: त्याला आमच्याकडे धुडगूस म्हणतात. पण तुम्ही नावाचा अर्थ सोडलात. 'सक'मध्ये श्लेष आहे, चोखतात आणि भिकार आहेत असा दुहेरी. मराठीत तो फुकट मिळतो: 'व्हॅम्पायर रक्त पितात'. आई नाही का म्हणत, "सकाळपासून रक्त पितोय मेला"?

परळवाला: रक्त पिणं म्हणजे छळणं, भिकार असणं नव्हे. मी 'पकवतात' म्हणेन. मी अर्ध्या तासात पकलो. आणि मूळ मालिका पाहिलीच नव्हती, त्यामुळे कोणावर हसायचं तेच कळेना.

मूळ लेखक: परळवाले, तुम्ही नेमकं बोललात. टर कुणाचीही उडवता येते, अनोळखी माणसाचीसुद्धा. फिरकी घ्यायला तो माणूस समोर लागतो. विडंबनाला मात्र मूळ कृती पाठ असलेला प्रेक्षक लागतो. रविकिरण मंडळातल्या त्या वेळच्या कवींच्या कविता लोकांच्या कानावर होत्या म्हणून अत्र्यांचे बाण लागले. म्हणजे या सिनेमाचा खरा गिऱ्हाईक आमची भाचीच, आणि चिडलीही तीच.

गिरगावकर: कानपूरच्या काकांचं मात्र खरं आहे हो. परीक्षकांनी धू धू धुतला, तरी सुमारे २ कोटी डॉलरच्या खर्चावर ८ कोटींच्या आसपास गल्ला जमवला.

मूळ लेखक: मूळ मालिकेने त्याच्या कैक पट कमावले, हे भाचीने तिथल्या तिथे सुनावलं. आता एक शब्द अडलाय. मूळ नायक एडवर्डचं आडनाव कलन, इथे केलंय सलन. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तोंड पाडून बसलेला. मराठीत काय करावं?

परळवाला: एडवर्ड घुमे. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असाच एक होता. रक्त पीत नव्हता, पण दिवसा बाहेरही पडत नसे.