चेहऱ्याची आग होतेय, कोणतं स्किनकेअर रुटीन सुरू करू? (तातडीने मदत हवी आहे)

जाईजुई
नमस्कार. सरळ विचारते, कारण वेळ कमी आहे. बऱ्याच दिवसांपासून चेहरा नुसता जळतोय. गाल लाल, हनुवटीवर बारीक पुरळ, नाकाच्या कडेला सालं निघतात आणि कपाळ मात्र दुपारपर्यंत तेलकट. म्हणजे माझी स्किन कोरडी, तेलकट की सेन्सिटिव्ह, तेच कळेना. व्हिटॅमिन सी सीरम, १०% नायसिनामाइड आणि सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश वापरते, सगळं रिव्ह्यू वाचून घेतलंय. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे. सकाळी काय, रात्री काय आणि कोणत्या क्रमाने लावू, एवढंच सांगा. "भरपूर पाणी प्या" नको, पिते.

मनीषा_क
वय किती? राहता कुठे? पाळी नियमित आहे का? डोक्यात कोंडा आहे का? नाकाच्या कडेला आणि भुवयांत सालं निघत असतील तर कधीकधी तो कोंड्याचाच भाऊ असतो (सेबोऱ्हिक डर्मटायटिस), त्यावर सीरमचा काही उपयोग नाही.

सांगलीकर_काकू
अगं, ही सगळी ॲसिडं आधी फेकून दे. मसुराची डाळ रात्री दुधात भिजत घाल, सकाळी वाटून त्यात साय आणि चिमूटभर आंबेहळद. आठवड्यातून तीनदा लाव. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलंय, कुणाला कधी स्किन डॉक्टर लागला नाही. तेलकटपणा फार असेल तर चार थेंब लिंबू.

नितळ
काकू, उटण्याबद्दल आदर आहे, पण जळणाऱ्या चेहऱ्यावर डाळीचं वाटण घासायचं? आणि लिंबू तर अजिबात नको. त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३. त्यात लिंबू लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. बहिणीच्या गळ्यावर पाहिलेत.

सांगलीकर_काकू
घासायचं कुणी म्हटलं? हलक्या हाताने लावून ओलं असतानाच धुवायचं. लिंबाचं राहू दे, पण डाळ-साय कुणाला बाधल्याचं मी ऐकलं नाही.

मॅपललीफ
इकडे टोरांटोत थंडीत माझंही असंच व्हायचं. ह्युमिडिफायर घेतला आणि रात्री डबल क्लीन्झिंग, टोनर, एसेन्स, ॲम्प्यूल, मग क्रीम असं सुरू केलं. थरावर थर दिले की स्किन कशी टवटवीत होते! जाईजुई, पूर्ण यादी व्यनि (खासगी निरोप) करू का?

जाईजुई
@मनीषा_क, वय २७, पुण्यात नऱ्ह्याला राहते, पाळी ठीक आहे, कोंडा नाही. ऑफिसात दिवसभर एसी, जाणं-येणं स्कूटरवर. पाण्याचा टँकर येतो.
@मॅपललीफ, हो, पाठवा ना. फक्त आग कशाने कमी होईल ते आधी सांगा. काल तर साध्या पाण्यानेही चुरचुरलं.

चिंचवडकर
टँकर म्हणालात तिथेच उत्तर मिळालं. बोअरचं जड पाणी! कॅल्शियम-मॅग्नेशियमचं साबणाशी जमत नाही, फेस होत नाही आणि चिकट थर कातडीवर राहतो. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना खाज यायची. नळाला फिल्टर लावा.

हर्षद_पी
नळाला लावायचे ते छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ धरतात, पाण्याचा जडपणा तसाच राहतो. त्यासाठी रेझिनवाला सॉफ्टनर लागतो, त्यात अधूनमधून मीठ घालून तो पुन्हा चार्ज करावा लागतो. हजारो रुपये घालण्याआधी लोकांना हे माहीत पाहिजे.

चिंचवडकर
आमच्याकडे नुसत्या फिल्टरने फरक पडला आहे.

हर्षद_पी
पडला असेल, क्लोरीन कमी झालं म्हणून. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आधीचं आणि नंतरचं पाणी मोजा आणि आकडे इथे टाका.

मनीषा_क
पाण्याचा वेगळा धागा काढा की. जाईजुई, आधी स्किन कशी होती? या सगळ्या बाटल्या यायच्या आधी?

जाईजुई
आधी चांगली होती, थोडी तेलकट, कधीतरी पिंपल. डाग राहायचे म्हणून सगळं सुरू केलं. मध्ये तर इतकी मस्त झाली होती की ऑफिसात सगळे विचारायचे. मग आपोआप बिघडली. क्रीम तेच, फेसवॉश तोच.

नितळ
प्रकार ओळखायची सोपी रीत अशी. सौम्य क्लीन्झरने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काही लावू नका. सगळीकडे ताणल्यासारखं वाटलं तर कोरडी, सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर आली तर मिश्र. पण साध्या पाण्याने चुरचुरतंय म्हणजे त्वचेचं वरचं कवचच फाटलंय. ते भरून येईपर्यंत ही चाचणी खोटंच उत्तर देईल. तेलकट कपाळ आणि सोललेलं नाक एकाच वेळी दिसतं ते बहुधा यामुळेच. आजपासून सीरम, नायसिनामाइड, सॅलिसिलिक सगळं बंद. वास नसलेला सौम्य क्लीन्झर, सिरॅमाइड किंवा ग्लिसरीनचं साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बस.

औषधवाला
थांबा जरा. जाईजुई, तुम्ही "क्रीम तेच" असं लिहिलंय. पहिल्या पोस्टमध्ये क्रीम नव्हतं. कोणतं?

जाईजुई
ते रात्री लावायचं साधं क्रीम आहे हो, मेडिकलमध्ये मिळतं. डागांसाठी पार्लरमधल्या ताईंनी सांगितलं होतं. क्रीम तर सगळेच लावतात म्हणून वेगळं लिहिलं नाही. त्याने काही होत नाही, उलट बंद केलं की जास्त आग होते, म्हणून चालू ठेवलंय.

औषधवाला
ट्यूब हातात घ्या आणि मागे बारीक अक्षरात जे लिहिलंय ते इथे टाइप करा. कंपनीचं नाव नको.

उन्हाळा
सनस्क्रीनचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहरा-मानेला लागतं. एसपीएफ ३० किंवा वर, पीए+++ (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) तरी असावं. मला वांग आहे, डॉक्टरांनी टिंट असलेलं दिलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं आणि वांग त्या उजेडानेही वाढतो. हे कुणी सांगत नाही. माझा मुलगा क्रिकेटला जातो, त्याला घामाने न वाहणारं कोणतं घेऊ?

जाईजुई
घ्या. हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५%, मोमेटासोन ०.१%. खाली "शेड्यूल एच" असं काहीतरी आहे. आता रुटीन सांगा.

औषधवाला
ताई, आता सीरमचा क्रम विसरा, हे आधी वाचा. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ही तीन औषधांची जोडणी वांगासाठी आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरती. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो. लोक विचारत होते तो काळ हाच. मग कातडी पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, कुणाला लव वाढते. बंद केलं की आवळलेल्या वाहिन्या उलट फुलतात आणि आग भडकते, त्यामुळे माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. त्यात ट्रेटिनॉइनने सालं निघतात आणि ऊन जास्त लागतं. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट काळसर-निळसर डाग पडू शकतात.

त्वचेवरची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये शेड्यूल एचमधली (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी) पळवाट बंद केली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. तरी माझ्या दुकानात अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय मागायला लोक येतात आणि नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात. याचा मला मनापासून राग येतो.

मनीषा_क
बापरे. जाईजुई, आजच्या आज बंद कर.

हर्षद_पी
एकदम बंद नको! स्टेरॉइड हळूहळू सोडायचं असतं. माझ्या काकांना दम्यासाठी गोळ्या होत्या, त्या कमी कमी करत सोडवल्या होत्या.

औषधवाला
पोटात घ्यायच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा. चेहऱ्यावरचं एकदम थांबवायचं, की हलकं क्रीम देऊन उतरवत आणायचं, की मध्ये स्टेरॉइड नसलेलं मलम द्यायचं, हे किती काळ आणि किती लावलं त्यावर ठरतं. ते चेहरा बघून डॉक्टरच ठरवतील. म्हणून दोन-तीन दिवसांत दाखवा, महिनाभर थांबू नका.

सांगलीकर_काकू
पोरी, उटणंही नको आता. मला वाटलं नुसती पुरळं आहेत. डॉक्टरकडे जा.

जाईजुई
मला खरंच माहीत नव्हतं, ट्यूबवर कुठेही मोठ्या अक्षरात स्टेरॉइड लिहिलेलं नाही. स्किन डॉक्टर म्हणजे कोण? आमच्या कोपऱ्यावर "स्किन अँड लेझर" अशी पाटी आहे. फी खूप असते ना? आणि लग्नापर्यंत ठीक होईल का?

मनीषा_क
पाटी बघू नका, डिग्री बघा. एमबीबीएसनंतर एमडी (त्वचा), किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल हे त्वचारोगाचे डिप्लोमा. कॉस्मेटॉलॉजीचं नुसतं सर्टिफिकेट वेगळं. पैशाचा प्रश्न असेल तर ससूनला (सरकारी रुग्णालय) त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. ट्यूब आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, तोंडी सांगताना निम्मं राहून जातं. आत्ताही तेच झालं.

नितळ
लग्नापर्यंत पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. अशा चेहऱ्याला कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि मध्ये एकदा वाढल्यासारखं वाटतं. डॉक्टरांचं वेगळं काही सुरू होईपर्यंत सकाळी नुसतं पाणी, मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन. ते थोडं पांढरं दिसतं, पण कमी झोंबतं. स्कूटरवर स्कार्फ सुती आणि सैल. रात्री क्लीन्झर आणि पुन्हा मॉइश्चरायझर. आग झाली तर गार पाण्याच्या ओल्या सुती कापडाची घडी ठेवा, बर्फ थेट लावू नका. फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्स चेहऱ्याजवळही नको, पार्लरमध्ये कितीही आग्रह झाला तरी. बरं झाल्यावर काही नवीन आणायचं तर एका वेळी एकच, आधी कानामागे लावून बघायचं आणि दोन आठवडे दुसरं काही आणायचं नाही.

मॅपललीफ
मग माझी यादी नको पाठवू आता?

नितळ
आत्ता नको. दहा थर दिले तर जळतंय कशाने ते कधीच कळणार नाही.

चिंचवडकर
टीडीएस मीटर मागवलं आहे. आकडे टाकतो.

जाईजुई
उद्या सकाळी ससूनला जाते, सुट्टी टाकली. एक विचारायचं राहिलं. ही ट्यूब माझ्याकडूनच वहिनीनेही नेली, तिला डाग आलेत म्हणून. तिला पाचवा महिना आहे. तिला आग वगैरे काही नाही. तिने चालू ठेवली तर चालेल ना?

औषधवाला
नाही. आत्ताच फोन करून थांबवायला सांगा. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही गरोदरपणात वापरू नयेत असाच सल्ला असतो. घाबरवू नका. ट्रेटिनॉइन त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, तिने ते लावलं म्हणजे बाळाला काही झालंच असं नाही. पण ज्या डॉक्टरांकडे नाव घातलंय त्यांना ट्यूब दाखवून कधीपासून आणि किती लावत होती ते सांगायला हवं. गरोदरपणातले डाग बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर आपोआप फिके होतात, तोवर टोपी, सावली आणि सनस्क्रीन.

जाईजुई
फोन लावतेय.

उन्हाळा
क्रिकेटच्या सनस्क्रीनचं कुणी सांगेल का? शनिवारी मॅच आहे.

मनीषा_क
"वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं घ्या, निघायच्या वीस मिनिटं आधी लावा, आणि घाम पुसला की पुन्हा लावायला सांगा. कान आणि मानेची मागची बाजू मुलं विसरतात.