दिवाडीवर स्वातंत्र्यदिन आणि बोंदेरा एकाच कार्यक्रमात बांधावेत का?

तिसवाडीकर (प्रश्न)

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रातील दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणारा बोंदेरा हा उत्सव येथील अनेकांनी पाहिला असेल. वाड्यावाड्यांच्या हद्दींवरून पूर्वी तंटे होत, पोर्तुगीज अंमलात त्या हद्दी निशाणे रोवून दाखवल्या गेल्या आणि लोकांनी ती निशाणे पाडून आपला निषेध नोंदवला, अशी या उत्सवामागची कथा आमच्याकडे सांगितली जाते. आज त्याचे स्वरूप खेळकर आहे: रंगीत निशाणांची मिरवणूक निघते, चित्ररथ आणि वाद्यवृंद असतात आणि मुले फोताशीतून, म्हणजे बांबूच्या खेळण्यातील बंदुकीतून, फळांचा मारा करतात.

यंदा 80वा स्वातंत्र्यदिन शनिवारी, 15 ऑगस्ट 2026 रोजी आहे आणि चौथा शनिवार 22 ऑगस्टला येतो. त्यामुळे दोन्ही प्रसंग एकत्र आणून आठवडाभराचा ‘राष्ट्र आणि वारसा’ असा कार्यक्रम करावा, बोंदेराच्या मिरवणुकीत अग्रभागी तिरंगा ठेवावा आणि रायबंदर व जुने गोवे येथून येणाऱ्या फेरीबोटी तिरंगी पताकांनी सजवाव्यात, अशी कल्पना आमच्या वाड्यावरील तरुणांनी मांडली आहे. काही ज्येष्ठांना हे रुचलेले नाही, परंतु आपल्या नापसंतीचे कारण त्यांना नेमके सांगता येत नाही. ही कल्पना योग्य आहे का, आणि नसल्यास बेटाचा वारसा राष्ट्रीय दिनाशी कोणत्या रीतीने जोडता येईल, याविषयी जाणकारांनी आपले मत द्यावे, ही विनंती.

मांडवीकाठ

ज्येष्ठांच्या नापसंतीला भारतीय ध्वजसंहितेत भक्कम आधार आहे. 26 जानेवारी 2002 पासून लागू झालेल्या या संहितेनुसार राष्ट्रध्वजाचा उपयोग तोरण, पताका किंवा कोणत्याही प्रकारची सजावट म्हणून करता येत नाही. वाहनाच्या अथवा नौकेच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे तो पसरून लावता येत नाही. आणि अन्य कोणतेही निशाण त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने असू नये, असेही तिच्यात म्हटले आहे. डिसेंबर 2021 मधील दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली, तर जुलै 2022 मधील दुरुस्तीने नागरिकांना आपल्या घरी दिवसरात्र ध्वज फडकवण्याची मुभा मिळाली. परंतु सजावटीसंबंधीचा नियम या सवलतींमुळे सैल झालेला नाही. फेरीबोट सजवायची असल्यास झेंडूच्या माळा आणि आंब्याचे टाळे पुरेसे आहेत, आणि माझ्या मते ते अधिक शोभतीलही.

यापेक्षा मोठी अडचण बोंदेराच्या स्वभावात आहे. ज्या उत्सवाचा गाभाच निशाण पाडण्याचा आहे, ज्यात फोताशीतून सुटलेली फळे निशाणांवर आदळावीत अशीच अपेक्षा असते, त्याच्या अग्रभागी तिरंगा ठेवल्यास दोनच शक्यता उरतात: एक तर मुलांना खेळ आवरता घ्यावा लागेल, किंवा कधीतरी एखादे फळ नको तेथे लागेल आणि गावाला निष्कारण पोलीस ठाण्याचे दार दिसेल. आपल्या तरुणांचा हेतू उत्तम आहे, यात शंका नाही. तरीही बोंदेराची मस्करी आणि ध्वजवंदनाचे गांभीर्य यांच्यामध्ये तो एक आठवडा असू द्यावा, कारण दोन्ही एकमेकांत मिसळले तर मस्करी जपून जपून करावी लागेल आणि गांभीर्य उसने वाटेल.

कोटितीर्थ

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र ‘वारसा’ म्हणजे बोंदेरा इतकेच समीकरण मूळ प्रश्नात गृहीत धरलेले दिसते, आणि त्यामुळे बेटाची खरी संपत्ती बाजूला राहते. दिवाडीवरील नार्वे येथे कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते. बहमनी काळात मोडलेले हे देऊळ विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि लिंग नदीपलीकडे, डिचोलीच्या बाजूच्या नार्वे गावात नेण्यात आले. तेथे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 13 नोव्हेंबर 1668 रोजी देवालयाच्या कामास आरंभ झाला, हे शके 1590 चा उल्लेख असलेला तेथील शिलालेख आजही सांगतो. लोक पलीकडचे देऊळ पाहून परततात. नदीच्या अलीकडच्या बाजूला, बेटावर उरलेल्या प्राचीन तळीकडे मात्र फारच थोड्यांची पावले वळतात.

बेटावरील पियेदादच्या टेकडीवरही असेच थर आढळतात. जेथे आज चर्च आहे त्या परिसरात पूर्वी गणपतीचे देऊळ होते आणि तेथील दैवत पुढे खांडोळ्याला स्थिरावले, अशी परंपरा आहे. शेजारच्या दफनभूमीतील चॅपलमध्ये कदंबकालीन कोरीव कामाचे अवशेष पाहायला मिळतात. याच बेटावर 1676 मध्ये जन्मलेले जाकोम गोन्साल्विस हे धर्मगुरू श्रीलंकेत गेले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांमध्ये विपुल लेखन केले. गोव्याबाहेर आदराने घेतले जाणारे हे नाव दिवाडीवरील शाळकरी मुलांना माहीत असावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

याशिवाय खाजन शेतीला वारसा म्हणण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. भरतीचे खारे पाणी अडवणारे बांध आणि ओहोटीला शेतातील पाणी बाहेर सोडणारी मानस, यांच्या आधारावर या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकले आहे. ऑगस्टमध्ये सरदीचे, म्हणजे पावसाळी, पीक उभे असते. अशा वेळी एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मुलांना मानशीची दारे भरती-ओहोटीनुसार कशी चालतात हे दाखवले, तर माझ्या दृष्टीने तो चित्ररथापेक्षा सरस कार्यक्रम ठरेल.

पुणेकर वाचक

15 ऑगस्ट या तारखेचा गोव्याशी असलेला संबंध येथे कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा दिवाडी परकीय अंमलाखालीच राहिली. तेथे पहिला खराखुरा स्वातंत्र्यदिन साजरा होण्यासाठी ऑगस्ट 1962 उजाडावा लागला. मधल्या काळात, 15 ऑगस्ट 1955 रोजी, महाराष्ट्रातून आणि देशाच्या इतर भागांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. पत्रादेवीचे स्मारक त्याची साक्ष देते. त्या दिवशीच्या भाषणात 1947 बरोबर 1955 चाही उल्लेख व्हावा, असे मला वाटते.

मांडवीकाठ

या मुद्द्यावरून आणखी एक सूचना करतो. 19 डिसेंबर 2026 रोजी गोवामुक्तीला 65 वर्षे पूर्ण होतील आणि योगायोगाने तोही शनिवारच आहे. कोटितीर्थ यांनी सांगितलेल्या स्थळांची वारसाफेरी ऑगस्टच्या पावसात काढण्याऐवजी त्या दिवशी काढावी: तळीच्या पायऱ्यांवर तेव्हा शेवाळ कमी असते, ज्येष्ठांनाही चालता येते आणि जुन्या गोव्यातील 3 डिसेंबरच्या फेस्ताची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाची, गर्दी ओसरलेली असल्याने धक्क्यावरही ताण पडत नाही. फेरी तळीपासून सुरू करून पियेदादच्या टेकडीवर संपवावी आणि दोन्ही ठिकाणी त्या त्या वाड्यावरील माणसानेच माहिती सांगावी. बाहेरून वक्ता आणण्याची गरज नाही.

चोडणचा शेजारी

सूचना चांगली आहे, पण एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवावी. बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला फेरीबोटीने यावे लागते आणि बोंदेराच्या दिवशी धक्क्यावर किती वेळ तिष्ठावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरच्या कार्यक्रमाची जाहिरात राजधानीभर करू नये. तो आधी बेटाच्या लोकांचा असावा.

तिसवाडीकर

सर्वांचे आभार. येथील चर्चा तरुणांसमोर आणि ज्येष्ठांसमोर वाचून दाखवली. 15 ऑगस्टला सकाळी नेहमीप्रमाणे ध्वजवंदन, त्यानंतर 1955 च्या सत्याग्रहावर थोडक्यात भाषण आणि मग मुलांना घेऊन मानशीवर जाणे, एवढे ठरले आहे. बोंदेरा पूर्वीसारखाच, वाड्यांच्या निशाणांचा राहील. डिसेंबरच्या फेरीबाबत तत्त्वतः एकमत झाले. तथापि तळीची साफसफाई कोणी करायची यावर दोन वाड्यांमध्ये वाद सुरू झाला आहे, आणि तो निशाणे रोवून मिटवावा असे एका ज्येष्ठांनी हसत सुचवले. कोटितीर्थ यांना विनंती की, तळी व टेकडी येथे सांगायची माहिती प्रत्येकी एका पानात लिहून द्यावी. फलकाऐवजी ती हस्तपत्रिकेत छापण्याचा विचार आहे.