बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) कबरींवरची अक्षरं वाचायला खडू वापरावा का?

शिळाप्रेमी:
वापरू नये. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या दफनभूमींत एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी मजकूर सापडतो. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात: ताव ४००, रेश २००, मेम ४०, हे ५. बेरीज ६४५. वरचे पाच हजार गृहीत धरलेले असतात, म्हणजे हिब्रू वर्ष ५६४५. इसवी सनासाठी ६४५ मध्ये १२४० मिळवायचे: इ.स. १८८५. (वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरपर्यंतचा मृत्यू १८८४ चा.) आता 'हे' म्हणजे ५ आणि 'खेत' म्हणजे ८. फरक एवढाच, की 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही. खडूने अक्षर गिरवताना हात ती बारीक फट ओलांडतो आणि मृत्यूचं वर्ष तीनने पुढे सरकतं. त्या फोटोवरून वंशावळ लिहिली की चूक कायमची.

कातळवाट:
ही चूक गिरवण्याची आहे, खडूची नाही. खडू आडवा धरून दगडावरून सपाट फिरवा. वरचा भाग पांढरा होतो, खोदलेलं काळं राहतं, फट उलट उठून दिसते. काळ्या कातळावर खडूचा ओरखडा उठत नाही. गर्द झाडीत ऊनच पोचत नाही, तिथे दुसरा उपाय काय?

शिळाप्रेमी:
टॉर्च. दिवेलागणीनंतर दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका, चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. ऊन असेल तर ते बाजूने दगडावर वळवायला दीड-दोन फुटी आरसा. एकाने आरसा धरायचा, दुसऱ्याने कॅमेरा. आणि संगमरवराचं काय? पावसाने झिजलेला संगमरवर साखरेसारखा रवाळ होतो, नुसतं बोट फिरवलं तरी कण सुटतात. त्यावर खडू म्हणजे पॉलिशपेपरच.

शके_वाचक:
आधी ताळा करा. मराठीत इसवी सन असेल तर प्रश्नच नाही. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९. हिब्रूतून १८८८ आणि मराठीतून १८८५ निघालं, तर तो 'हे'च आहे. दगडात बसवलेली शिशाची अक्षरं गळून पडली असतील तर उरलेली छिद्रं जोडून वाचता येतात. ती माती समजून उकरू नका. दगडावर वाढलेल्या दगडफुलाला पाणी मारून भिजू द्या, मग मऊ ब्रश. तारेचा ब्रश आणि ॲसिड कुठल्याच दगडाला नको. ॲसिडने संगमरवर फसफसून विरघळतो.

कातळवाट:
संगमरवराचं पटलं, तिथे खडू नाही. कातळाबद्दल मत तेच: टॉर्चने वाचलं नाही तर सपाट खडू, फोटो, आणि लगेच साध्या पाण्याने धुणं.

शिळाप्रेमी:
तेही दफनभूमी सांभाळणाऱ्यांना विचारूनच. कबर त्यांच्या माणसाची आहे.